पंख, पाय आणि दोऱ्या

तीन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील युवकांसाठी एक दिवसाचे चिंतनशिबिर भरले होते. विषय होता 'गर्व आणि नम्रता'. अशा विषयावर दोन तास बोलणे धर्मगुरूला जड जात नाही. जड जाते ते ऐकणाऱ्यांना. म्हणून एखादे चित्र दाखवावे, असे आम्ही ठरविले. गुरुविद्यालयात असताना ग्रंथालयातील एका जाडजूड चित्रग्रंथात पाहिलेले एक चित्र मनात घर करून राहिले होते. तो ग्रंथ पुढे आम्ही स्वतः विकत घेतला. त्यातले ते पान उघडून भिंतीवर मोठे करून दाखविले आणि बोलू लागलो.

चित्र होते फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, म्हणजे ज्याला एचिंग म्हणतात तसे. नाव 'उडण्याची एक रीत'. काळ्याकुट्ट अवकाशात पाच माणसे वटवाघळासारखे प्रचंड पंख बांधून उडत आहेत. आम्ही म्हणालो, "पाहा, देवाने माणसाला पाय दिले, पंख दिले नाहीत. तरी त्याची हाव सुटत नाही. बाबेलचा बुरूज बांधणाऱ्यांचे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहेच. या पाच जणांचेही तेच होणार."

मागच्या बाकावरून अकरावीतला एक मुलगा उठला. मुलगा तसा अबोल. म्हणाला, "पण फादर, ह्यांच्यातला कोणीच पडत नाहीये."

मुले हसली. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो. रात्री खोलीत परतल्यावर मात्र ते पान पुन्हा उघडले. वीस-पंचवीस वर्षे जे चित्र आपल्या परिचयाचे आहे असे आम्ही समजत होतो, ते आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते. खरोखरच कोणी पडत नव्हते.

वाचकांपैकी ज्यांनी हे चित्र पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. सर्वांत पुढे जो माणूस आहे तो अंग पसरून हवेत तरंगतो आहे. डोक्यावर पक्ष्याच्या मस्तकासारखे, चोच असलेले शिरस्त्राण. हात पुढे ताणलेले, मुठींत दोऱ्या. पायांपासूनही दोऱ्या निघून पंखांच्या काड्यांना जाऊन मिळतात. म्हणजे पंख हलतात ते त्याच्या हातापायांच्या बळाने. बाकीचे चौघे दूर, निरनिराळ्या अंतरावर, निरनिराळ्या दिशांना तोंड करून. खाली जमीन नाही. क्षितिज नाही. वर चांदणीही नाही. कोठून निघाले आणि कोठे उतरणार, याचा मागमूस चित्रकाराने ठेवलेला नाही. घाबरलेपण नाही, तसा जल्लोषही नाही. शेतात पाणी शिंपणारा माणूस जसा कामात असतो, तशी ही माणसे कामात आहेत.

आणि हा काळोख कसा निर्माण झाला तेही जाणून घेण्यासारखे आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवितात. जेथे सुईने लेप खरवडला तेथे आम्ल तांबे खाते. त्या चरांत शाई भरून कागद दाबला की चित्र उमटते. परंतु रेघांनी असा सलग अंधार साधत नाही. त्यासाठी राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून तापवून चिकटवितात. आम्ल त्या कणांच्या मधूनमधून शिरते आणि पत्रा बारीक खरबरीत होतो. या रीतीला ॲक्वाटिंट म्हणतात. जो भाग उजळ राहावा असे वाटते तो आधीच वार्निशाने झाकून ठेवावा लागतो. या पाच जणांच्या अंगावर आणि पंखांवर जो उजेड दिसतो, तो वरून कोठून पडलेला नाही. चित्रकाराने आम्लापासून राखून ठेवलेले तांबे ते हेच.

गोया हे काम करीत होता तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या आसपास होते. त्याचा जन्म १७४६ चा, आरागॉन प्रांतातील फुएन्देतोदोस या खेड्यातला. १७९२-९३ च्या आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली ती कायमची. १७९९ साली तो राजाचा प्रमुख चित्रकार झाला. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या सैन्याने स्पेनमध्ये जे केले आणि स्पॅनिशांनी त्याला जे उत्तर दिले, ते त्याने पाहिले व पत्र्यांवर कोरून ठेवले. १८१४ मध्ये राजा फर्डिनांड सातवा परतला. त्याने राज्यघटना मोडीत काढली आणि बंद पडलेले धर्मन्यायालय पुन्हा सुरू केले. आमच्याच ख्रिस्तसभेचा तो इतिहास आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. त्या न्यायालयाने गोयालाही त्याच्या काही चित्रांचा जाब विचारला होता. अशा दिवसांत, साधारण १८१५ ते १८२३ यांच्या दरम्यान, त्याने ही चित्रमालिका कोरली. मालिकेला ज्या नावाने ओळखतात तो स्पॅनिश शब्द म्हणजे 'दिस्पारातेस': मूर्खपणा, वेडाचार. त्याच्या हयातीत ती प्रसिद्ध झालीच नाही. १८२४ मध्ये तो फ्रान्सला गेला, १८२८ मध्ये बोर्दो येथे वारला, आणि माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीने यांतील अठरा चित्रे छापली ती १८६४ साली. तीही 'म्हणी' या नावाने. पुढे कोणीतरी या चित्राला एक स्पॅनिश म्हण जोडली. तिचा आशय असा की, इच्छा असेल तेथे युक्ती सापडते.

म्हणजे एकाच चित्राला तीन मथळे. मालिकेचे नाव म्हणते, वेडाचार. मागाहून जोडलेली म्हण म्हणते, शाबासकी. आणि गोयाने याच चित्राला दिलेले नाव काहीच म्हणत नाही. ही एक रीत आहे, एवढेच. चिंतनशिबिरात आम्ही पहिला मथळा उचलला आणि तोच चित्रकाराचा निकाल म्हणून मुलांपुढे ठेवला.

तेव्हा प्रश्न असा: आपल्याला नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे जाण्याची माणसाची ओढ हे पाप मानावे काय? आमच्या परंपरेत याचे उत्तर सोपे नाही, जरी आम्ही प्रवचनांत ते सोपे करून सांगत असलो तरी.

एका बाजूला बाबेल आहे. जादूगार सिमोनची कथाही आहे. ती पवित्र शास्त्रातली नव्हे, 'पेत्राची कृत्ये' या शास्त्रबाह्य ग्रंथातली. सिमोन रोमच्या आकाशात उडू लागला, संत पेत्राने प्रार्थना केली आणि सिमोन कोसळला. रोममधील सांता फ्रान्चेस्का रोमाना या चर्चमध्ये पेत्राच्या गुडघ्यांच्या म्हणून दोन खुणा दगडात दाखवितात. भाविकांनी त्या अवश्य पाहाव्यात, पण दगडाला पुरावा समजू नये.

दुसऱ्या बाजूला आमच्याच घरातली काही माणसे आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील माम्सबरी मठात एल्मर नावाचा एक तरुण संन्यासी होता. त्याने हातापायांना पंख बांधून मठाच्या मनोऱ्यावरून उडी घेतली. दोनशे मीटरांहून अधिक अंतर तो तरंगत गेला, मग वाऱ्याच्या झोताने आणि स्वतःच्याच धास्तीने डगमगून पडला. दोन्ही पाय मोडले. जन्मभर लंगडत राहिला. त्याच मठातील इतिहासकार विल्यम याने ही हकीकत नोंदविली आहे. तिच्यातला आमचा आवडता भाग शेवटचा आहे. एल्मर आपल्या अपयशाचे कारण गर्व असे सांगत नसे. मागच्या बाजूस शेपूट लावायचे राहून गेले, असे सांगत असे! आणि तो बरोबर होता. शेपटाविना पक्षी तोल कसा सावरणार?

सातशे वर्षांनी, ऑगस्ट १७०९ मध्ये, बार्तोलोमेउ दे गुस्माव या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या धर्मगुरूने लिस्बन येथे राजा जुआंव पाचवा याच्यासमोर कागदाचा एक लहानसा फुगा गरम हवेने वर चढवून दाखविला. माणसाला घेऊन फुगा मोकळ्या आकाशात गेला तो पॅरिसमध्ये, १७८३ च्या नोव्हेंबरात. त्याच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधीची ही गोष्ट. गुस्मावला शेवटी पोर्तुगाल सोडून पळावे लागले आणि तो १७२४ मध्ये तोलेदो येथे वारला. कुपर्तिनोचा संत जोसेफ तर प्रार्थनेच्या तंद्रीत जमिनीपासून उचलला जाई, अशी साक्ष त्याच्या संतपदाच्या चौकशीत नोंदली गेली. १७६७ साली त्याला संतपद मिळाले आणि आज वैमानिक त्याला आपला आश्रयदाता मानतात. गंमत अशी की हा फ्रान्सिस्कन अभ्यासात अगदी कच्चा होता. परीक्षेला बसणारी मुलेही त्यालाच साकडे घालतात.

या साऱ्यांना एका मापाने कसे मोजायचे? आम्ही गुरुविद्यालयात शिकलो ते माप संत थॉमस अक्वायनस यांचे. त्यांच्या 'सुम्मा'मध्ये महामनस्कता नावाचा एक सद्गुण आहे: थोर गोष्टींकडे मनाचे झेपावणे. नम्रतेचा आणि तिचा विरोध नाही, असे ते आवर्जून सांगतात. नम्रता माणसाला स्वतःचे उणेपण दाखविते, महामनस्कता त्याला देवाने दिलेले दान दाखविते. या सद्गुणाच्या एका बाजूस अतिसाहसाचे पाप आहे: आपल्या शक्तीबाहेरचे ओढून घेणे. परंतु तेथेही थॉमस एक सूक्ष्म गोष्ट जोडतात. जे दुसऱ्याच्या साहाय्याने आपल्याला करता येते, ते एका अर्थाने आपल्या शक्तीतलेच होय. दुसऱ्या बाजूस जे पाप आहे त्याचा उल्लेख आमच्या प्रवचनांत अभावानेच येतो. ते म्हणजे क्षुद्रमनस्कता. आपल्याला जे झेपेल त्यापासूनही मागे सरणे. याचे उदाहरण म्हणून थॉमस कोणाला पुढे करतात? धन्याने दिलेले द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणाऱ्या त्या चाकराला. आणि स्वरूपतः पाहता हे पाप अतिसाहसापेक्षा गंभीर आहे, असेही ते म्हणतात, कारण त्याने माणूस चांगल्यापासूनच दूर होतो.

हा भाग आम्ही तरुणपणी परीक्षेसाठी पाठ केला होता. पुढे तो कोठे गेला कोण जाणे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आम्हांला नुकतीच गुरुदीक्षा मिळाली होती, पहिल्याच धर्मग्रामात होतो. बारावी झालेला एक मुलगा आपल्या वडिलांबरोबर आमच्याकडे आला. त्याला वैमानिक व्हायचे होते. मुंबईच्या विमानतळाकडे झुकणारी विमाने वाडीवरून जात. तो लहानपणापासून केळीच्या पाटात उभा राहून ती मोजत असे. गुण उत्तम होते. परंतु प्रशिक्षणाचा खर्च लाखांच्या घरातला. वाडी गहाण टाकावी लागणार. पाठीवर दोन बहिणी. वडील काही बोलले नाहीत, नुसते आमच्याकडे बघत राहिले. त्यांना काय हवे आहे ते आम्ही ओळखले. मुलाला आम्ही म्हणालो, "बाळा, पाय जमिनीवर ठेव. देवाने जे दिले आहे त्यात समाधान मान. उंच उडण्याची हाव बरी नव्हे." मुलाने मान डोलावली. पुढे तो एका बँकेत लागला. संसार झाला. बहिणींची लग्ने झाली. दर रविवारी मिस्साला येतो, वाचनही करतो.

आमचा सल्ला चुकीचा होता असे आजही आम्ही सरळ म्हणू शकत नाही. वाडी गेली असती तर त्या घराचे काय झाले असते? व्यवहार म्हणून तो सल्ला कोणत्याही शहाण्या माणसाने दिला असता. आमची चूक दुसरी होती. तेथे पैशाचा प्रश्न होता, आणि आम्ही पापाचा प्रश्न केला. 'एवढे पैसे नाहीत' असे म्हणण्याऐवजी 'एवढी इच्छा बरी नव्हे' असे म्हणालो. पैसे नाहीत, हे माणूस सहन करतो, कधीतरी मार्गही काढतो. आपली इच्छाच मलिन होती असे एकदा धर्मगुरूने सांगितले की ती तो जमिनीत पुरतो. आणि आम्ही तर दुसऱ्याच्या हातातले द्रव्य पुरायला लावले. शिष्यवृत्ती, कर्ज, हवाई दलाची परीक्षा, यांतले काहीही आम्ही विचारले नाही. वडिलांच्या भीतीला आम्ही नम्रतेचा झगा चढविला आणि प्रकरण मिटविले.

तर मग, सर्वच उड्डाणांना आशीर्वाद द्यावा काय? तसेही नाही. गोयाच्या चित्रातला तो काळोख आमच्या शतकाने पुढे भरून काढला. २६ एप्रिल १९३७ रोजी, त्याच्याच स्पेनमधील गेर्निका या गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. सोमवार होता, बाजाराचा दिवस. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा उराकामीच्या कॅथीड्रलमध्ये पापनिवेदनाचा विधी चालू होता. जपानमधल्या सर्वांत जुन्या कॅथॉलिक समाजांपैकी एक तेथे नांदत होता. दोन शतकांहून अधिक काळ, धर्मगुरूंवाचून, लपूनछपून त्यांनी श्रद्धा जपली होती. हिरोशिमा आणि नागासाकीवर गेलेल्या विमानदळाचा कॅथॉलिक चॅप्लिन होता फादर जॉर्ज झबेल्का. त्या तरुण वैमानिकांची धार्मिक सेवा तो करीत असे. नगरांवर, निरपराध माणसांवर बॉम्ब टाकणे हे पाप आहे, असे तेव्हा आपण त्यांना एकदाही सांगितले नाही, ही कबुली त्याने उत्तरायुष्यात जाहीरपणे दिली आणि उरलेली वर्षे शांततेच्या कार्याला वाहिली.

फादर झबेल्कांचा विचार आला की आम्ही अस्वस्थ होतो. 'नको' म्हणायला हवे होते तेथे एक धर्मगुरू गप्प बसला. 'नको' म्हणण्याचे काही कारण नव्हते तेथे दुसरा भरभरून बोलला. दोघांनाही प्रश्न पंखांचा वाटला असावा. वास्तविक प्रश्न असतो तो हा की, ते पंख कोणावर सावली धरतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या १९६५ च्या दस्तऐवजात या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत. माणसाच्या कर्तृत्वाचे विजय हे देवाच्या थोरवीचेच चिन्ह होत, असे तेथे म्हटले आहे. आणि माणसाची शक्ती जितकी वाढते तितकी त्याची जबाबदारीही वाढते, असेही.

आणि प्रभू येशूची ती परीक्षा? सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभू नकार देतो. हा उतारा आम्ही त्या शिबिरात गोयाच्या चित्राला जोडला होता. आता वाटते, जोड जमत नाही. तेथे सैतान म्हणतो, तू काही करू नकोस, तुला आयते उचलले जाईल. येथे प्रत्येकाच्या हातापायांत दोऱ्या आहेत. ओढणे थांबले की संपले. देवदूतांची वाट पाहणारे हे लोक नव्हेत.

आणखी एक गोष्ट मागाहून कळली. १६८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, माणसाचे स्नायू त्याचे शरीर पंखांनी उचलण्यास अपुरे आहेत. म्हणजे गोयाने हे चित्र कोरले तेव्हा विज्ञानाचा निकालही त्या पाच जणांच्या विरुद्धच होता. परंतु २ ऑगस्ट २०१० रोजी कॅनडात, टोरोंटो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनविलेले 'स्नोबर्ड' नावाचे यान माणसाच्या बळावर पंख हलवीत उडाले. पंखांचा विस्तार ३२ मीटर, यानाचे वजन अवघे ४३ किलो. आरंभी मोटारीने ओढून ते वर चढविले, मग आतल्या तरुणाने पायांनी दांडा रेटला आणि दोऱ्यांनी पंख खाली खेचले गेले. १९.३ सेकंद, १४५ मीटर. दोनशे वर्षांपूर्वी एका बहिऱ्या म्हाताऱ्याने तांब्यावर कोरलेली तीच रीत: पाय आणि दोऱ्या. एकोणीस सेकंदांसाठी ती खरी ठरली. बोरेल्लीही फारसा खोटा ठरला नाही.

गेल्या पावसाळ्यात तो बँकेतला गृहस्थ आमच्याकडे आला होता. आता केस पिकू लागले आहेत. निमित्त धाकट्या मुलीच्या शिफारसपत्राचे होते. तिला दूर दक्षिणेत जाऊन समुद्रविज्ञान शिकायचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पसंत नाही. तेव्हा फादरनी तिला दोन शब्द समजावून सांगावेत, असे आजोबांचे म्हणणे. तेच आजोबा, जे तेव्हा नुसते बघत राहिले होते. आम्ही विचारले, "आणि तुझे काय म्हणणे?" तो म्हणाला, "माझे म्हणणे फादर, तुम्ही तिला काही समजावू नका."

आम्ही शिफारसपत्र लिहिले. मग कपाटातून तो चित्रग्रंथ काढून ते पान त्याच्यासमोर ठेवले, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे शब्द मागे घेतो असे म्हटले. सोपे गेले नाही. त्याने उत्तर दिले नाही. चष्मा वर करून चित्रावर वाकला आणि पुढच्या माणसाच्या पायापासून निघणारी दोरी बोटाने पंखापर्यंत नेऊ लागला. बराच वेळ तसाच होता. मग विचारले, "फादर, हे पुस्तक चार दिवस घरी नेऊ का? तिलाही दाखवीन."

पुस्तक अजून परत आलेले नाही. आम्ही मागितलेलेही नाही.